पहिलं पार्सल राज्याबाहेर जाण्याआधी

कोल्हापुरातून निपाणीला साडी पाठवली तर ती चाळीसेक किलोमीटर जाते आणि राज्य ओलांडते. तीच साडी गडचिरोलीला गेली तर अख्खा महाराष्ट्र आडवा कापूनही राज्यातच राहते. जीएसटीच्या हिशेबात पहिलं पार्सल आंतरराज्य आणि दुसरं राज्यांतर्गत. घरून ऑनलाइन विकणाऱ्यांच्या निम्म्या अडचणी या एका फरकातून सुरू होतात. ‘चाळीस लाखांपर्यंत काही लागत नाही’ हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याला जोडलेल्या अटी फारशा कुणी वाचलेल्या नसतात.

इथे उदाहरणाला घरून साड्या, कुर्ते आणि चादरी विकणारं दुकान घेतलं आहे. थोडी विक्री व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टाग्रामवर, थोडी स्वतःच्या वेबसाइटवर, थोडी मोठ्या मार्केटप्लेसवर. वस्तू बदलली तरी क्रम हाच. फक्त खाण्याच्या वस्तू, साबण आणि खेळणी यांचं प्रकरण वेगळं आहे, ते पुढे येईलच.

जीएसटी नंबर कधी लागतो

महाराष्ट्रात आणि गोव्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. यातला ‘फक्त’ महत्त्वाचा आहे. साड्यांबरोबर गिऱ्हाइकाच्या कापडाचे ब्लाउज शिवून देण्याचे वेगळे पैसे घेत असाल तर ती सेवा झाली, आणि मग मर्यादा २० लाखांवर येते. उलाढाल मोजायची ती एका पॅनवरची सगळी. नवऱ्याच्या पॅनवर एक दुकान आणि बायकोच्या पॅनवर दुसरं असेल तर दोन्ही वेगळी मोजली जातात, पण एकाच पॅनवर दोन दुकानं, दोन नावं असली तरी बेरीज एकच.

करपात्र वस्तू राज्याबाहेर पाठवायची असेल तर ही मर्यादा उपयोगाची नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २४ नुसार आंतरराज्य विक्री करणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना यातून सवलत आहे, पण तुमची वस्तू त्या यादीत नावानिशी असली पाहिजे. ‘हाताने बनवलं आहे’ एवढ्यावर भागत नाही. म्हणून सावंतवाडीहून म्हापशाला जाणारी एक चादरसुद्धा नंबर नसताना पाठवू नये. माल कुठे पोचतो यावर राज्य ठरतं, पैसे कुठून आले यावर नाही. पुण्यातल्या मुलीने ऑर्डर देऊन बेळगावच्या आत्याकडे पार्सल थेट पाठवायला सांगितलं, तरी विक्रीचं ठिकाण बेळगावच, म्हणजे विक्री आंतरराज्य. बारकावा एवढाच: पैसे देणारा जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी असेल आणि त्याच्या सांगण्यावरून माल तिसऱ्याकडे गेला, तर विक्रीचं ठिकाण सांगणाऱ्याच्या पत्त्यावरून धरतात. अशा ऑर्डरीत ‘बिल कोणाच्या नावावर’ आणि ‘माल कुठे’ हे दोन्ही पत्ते बिलावर लिहा, नाहीतर सीए आणि अधिकारी दोघेही वेगळं समजतात.

मार्केटप्लेसवर विकणाऱ्यांना पूर्वी सरसकट नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू विकणाऱ्या छोट्यांसाठी एक वाट मोकळी झाली. उलाढाल मर्यादेच्या आत, विक्री फक्त स्वतःच्या राज्यात आणि पॅन असेल, तर नोंदणीऐवजी जीएसटी पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि तो मार्केटप्लेसला द्यायचा. हा क्रमांक एकाच राज्यासाठी मिळतो आणि मिळाल्याशिवाय विक्री सुरू करता येत नाही. त्याने जीएसटी आकारताही येत नाही. नोंदणी नसताना बिलावर ‘जीएसटी ५%’ लिहून पैसे घेणं हा स्वतंत्र गुन्हा होतो, आणि हे हौसेने करणारे पुष्कळ आहेत, कारण त्याने बिल ‘भारी’ दिसतं.

कंपोझिशन योजनेचा, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरण्याच्या सोयीचा, मोह आवरा. कर १ टक्का, कागद कमी, पण आंतरराज्य विक्री बंद. ज्याला ऑनलाइन विकायचं आहे त्याने दार स्वतःच अर्धं लावून घेण्यासारखं आहे.

नोंदणी करताना अर्ज अडतो तो पत्त्यावर

जीएसटी नोंदणीला सरकारी फी नाही. पॅन, आधार, फोटो, जागेचा पुरावा आणि बँक खातं, एवढंच लागतं. पोर्टलवर पहिल्या भागानंतर तात्पुरता क्रमांक मिळतो तो १५ दिवसच टिकतो, म्हणून कागद स्कॅन करून मगच बसा.

घर सासऱ्यांच्या नावावर, दुकान सुनेच्या, हे नेहमीचं चित्र. अशा वेळी सासऱ्यांच्या नावाचं लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती आणि त्यांचं सहीचं संमतिपत्र जोडा. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावाचा पुरावा. लाइट बिलावर पत्ता ‘घर नं. ४१२ अ’ आणि अर्जात ‘फ्लॅट ३’ असं असलं की अधिकारी शंका काढतात. अर्जातला पत्ता पुराव्यावरून अक्षरशः उतरवा. शंकेची नोटीस आली तर कामकाजाच्या ७ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ही नोटीस ईमेलवर येते, आणि अर्ज सायबर कॅफेवाल्याच्या किंवा एजंटच्या ईमेलवरून भरला असेल तर ती तुम्हाला दिसतच नाही. मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या.

आधार पडताळणी केली तर नंबर साधारण ७ कामकाजाच्या दिवसांत येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्यांसाठी तीन कामकाजाच्या दिवसांची वेगळी वाटही आहे: नोंदणीकृत व्यापाऱ्यांना विकलेल्या मालावरचा महिन्याचा कर अडीच लाखांच्या आत असेल त्यांच्यासाठी. घरगुती गिऱ्हाइकांना साड्या विकणारे यात सहज बसतात.

नंबर आल्यावर ३० दिवसांत, किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारं रिटर्न) भरण्याआधी, जे आधी येईल तोवर, बँक खातं पोर्टलवर जोडा. राहिलं तर नोंदणी आपोआप निलंबित होते.

मार्केटप्लेसच्या गोदामात माल ठेवायचा विचार असेल तर इथे थांबा. भिवंडीचं गोदाम असेल तर ते ‘अतिरिक्त व्यवसायाचं ठिकाण’ म्हणून नोंदणीत जोडलं की झालं. पण प्रणालीने माल बेंगळुरूच्या गोदामात टाकला, तर कर्नाटकात वेगळा जीएसटी नंबर लागतो. शिवाय स्वतःकडून स्वतःकडे, कोल्हापूरहून बेंगळुरूला, पाठवलेल्या मालावर करही भरावा लागतो, कारण कायद्याला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. सेलर पॅनेलमध्ये ‘सगळ्या गोदामांना परवानगी’ अशी एक खूण आधीपासून लावलेली असू शकते. ती काढा.

बिल, कापलेले पैसे आणि रिकामा महिना

२२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. तयार कपडे आणि चादरींसारख्या शिवलेल्या कापडी वस्तू नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. साडी मात्र कापड म्हणून मोजली जाते, तिला ही किंमतमर्यादा नाही, ५ टक्केच.

कुर्त्याच्या किमतीत इथे एक गंमत आहे. कर धरून किंमत २,६२५ रुपये असेल तर मूळ किंमत २,५०० आणि कर १२५. कर धरून २,८०० ठेवली तर? ५ टक्क्यांनी मागे मोजलं तर मूळ किंमत २,६६६ येते, म्हणजे १८ टक्के लागले पाहिजेत. १८ टक्क्यांनी मोजलं तर मूळ २,३७२ येते, म्हणजे ५ टक्के. हिशेब जुळतच नाही. २,६२५ ते २,९५० या पट्ट्यात कपड्याची किंमत ठेवूच नका. सूट देऊन विकत असाल तर मर्यादा सुटीनंतरच्या विक्री किमतीला लागते, छापील किमतीला नाही.

पार्सलचे ८० रुपये वेगळे घेत असाल तर त्यावरही कर लागतो, आणि तो वस्तूच्याच दराने. ‘कुरिअरचे पैसे आम्ही कुरिअरवाल्याला दिले’ हे उत्तर चालत नाही, कारण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती एकच विक्री आहे. बिलाचा क्रमांक वर्षभर सलग आणि १६ अक्षरांच्या आत हवा. वेबसाइटचं सॉफ्टवेअर, मार्केटप्लेस आणि हाताने लिहिलेलं बिलबुक यांना वेगवेगळी आद्याक्षरं द्या, नाहीतर एकच क्रमांक दोनदा पडतो.

मार्केटप्लेस तुमच्या पैशातून दोन कपाती करतं. १,००० रुपये मूळ किमतीच्या चादरीवर जीएसटीचा टीसीएस (मार्केटप्लेसने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) ०.५ टक्का, म्हणजे ५ रुपये, आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, म्हणजे १ रुपया. (२०२४ आधीचे १ टक्क्याचे आकडे अजून जुन्या व्हिडिओंत फिरतात.) हे ५ रुपये बुडत नाहीत. पोर्टलवर ‘टीडीएस आणि टीसीएस जमा’ या पानावर जाऊन ते स्वीकारले की तुमच्या रोख खातेवहीत येतात आणि कर भरायला वापरता येतात. स्वीकारलेच नाहीत तर तिथेच पडून राहतात. वर्षानुवर्षं न उचललेला टीसीएस ही घरगुती विक्रेत्यांची गळती आहे. स्वतःच्या वेबसाइटवर पेमेंट गेटवे असा टीसीएस कापत नाही. तिथला सगळा कर तुम्हीच भरायचा.

कमिशनवर मार्केटप्लेस जो १८ टक्के जीएसटी लावतं, त्याचं क्रेडिट, म्हणजे तेवढी वजावट स्वतःच्या जीएसटीतून, तुम्हाला मिळतं. पण त्यांच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर बरोबर असला तरच.

उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर तिमाही रिटर्नची सोय घ्या. जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेला आणि ३बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न, महाराष्ट्र-गोव्यात २२ तारखेला. मधल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने. तिमाहीत एकही ऑर्डर आली नाही तरी नील, म्हणजे शून्याचं, रिटर्न भरावंच लागतं. उशिराला नील असेल तर दिवसाला २० रुपये, नसेल तर ५०. नील रिटर्न १४४०९ वर एसएमएस करूनही भरता येतं. तिमाहीवाल्यांनी सलग दोन रिटर्न चुकवली तर नोंदणी रद्द होऊ शकते. पावसाळ्यात धंदा थंड म्हणून विसरलेली रिटर्नं दिवाळीच्या तोंडावर नंबर बंद पाडतात, ते यामुळेच.

कॅश ऑन डिलिव्हरीतली परत आलेली पार्सलं वेगळा उपद्रव देतात. बिल फाटलेलं असतं, माल परत येतो आणि हिशेबात विक्री तशीच राहते. परत आलेल्या प्रत्येक पार्सलची त्याच महिन्यात क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढा. आर्थिक वर्ष संपल्यावर पुढच्या ३० नोव्हेंबरनंतर ती रिटर्नमध्ये दाखवून कर कमी करता येत नाही. सगळे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायचे असतात, मोबाइल हरवला हे कारण धरलं जात नाही.

छोट्या नोंदण्या, पण विसरल्या तर महागात

महाराष्ट्रात जीएसटी नंबर घेतला की व्यवसाय कराचं नाव-नोंदणी प्रमाणपत्रही लागतं. वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. पाच वर्षांनी नोटीस येते तेव्हा व्याज धरून रक्कम अंगावर येते.

शॉप अ‍ॅक्ट, म्हणजे जुन्या लोकांचा गुमास्ता, मोजके कामगार असलेल्या दुकानाला पूर्ण नोंदणीने नाही तर ऑनलाइन सूचनेने मिळतो. काम सुरू झाल्यापासून ६० दिवसांत सूचना द्यायची, तिची पावती बँकेत चालू खातं उघडायला चालते. उद्यम, म्हणजे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे आणि आधारवर होते. ती परवाना नाही, पण पुढे ट्रेडमार्कच्या फीला उपयोगी पडते. उद्यमसाठी दीड-दोन हजार घेणाऱ्या साइट सरकारी दिसतात, नसतात.

पाकिटावरचं लेबल

पहिली नोटीस जीएसटीचीच येईल असं नाही, ती वजन-मापं आणि पाकिटावरची माहिती तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाची असू शकते. निरीक्षकाने ऑर्डर देऊन पार्सल मागवायचं आणि लेबल वाचायचं. एवढंच.

पाकिटबंद वस्तूंचे नियम २०११ चे आहेत. स्वतः पॅक करून स्वतःच्या नावाने विकत असाल तर पॅकर म्हणून नियंत्रक, वैधमापन शास्त्र यांच्याकडे काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत नाव नोंदवायचं, फी ५०० रुपये. साडीचं लेबल असं असावं:

वस्तू: सुती साडी, ब्लाउज पीससह
संख्या: १ नग. साडी ५.५ मी. × १.१५ मी., ब्लाउज पीस ०.८ मी.
उत्पादक किंवा पॅकर: पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड
उत्पादनाचा महिना आणि वर्ष
कमाल किरकोळ किंमत: रु. १,२५०, सर्व करांसह
ग्राहक सेवा: नाव किंवा पद, पत्ता, फोन, ईमेल

साडी, चादर, टॉवेल, धोतर यांना नुसती संख्या चालत नाही, तयार वस्तूची लांबी-रुंदीही लागते. ‘६.३ मीटर’ असं एकत्र लिहून ब्लाउज पीस त्यातच धरण्याची बाजारात सवय आहे, ती लेबलवर आणू नका. मोजून लिहा. कांजी केलेली सुती साडी धुतल्यावर आटते, पण मोजमाप पॅक करतानाचं धरतात.

एक चूक मराठी विक्रेत्यांकडून खास होते: अभिमानाने सगळं लेबल मराठीत छापणं. नियमाप्रमाणे ही माहिती देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागते. मराठी जोडीला हवी तेवढी लिहा, पण एकटी मराठी पुरत नाही. हे पटो न पटो, निरीक्षकाच्या हातात नियम तोच आहे.

छापलेली किंमत वाढवण्यासाठी वर स्टिकर लावता येत नाही. कमी करायला लावता येतो, पण मूळ किंमत झाकली जाता कामा नये. माल मुंबईच्या घाऊक बाजारातून घेतलेला पण मुळात चीनचा असेल तर उगमदेश आणि आयातदाराचं नाव लागतं. पुरवठादाराने ते दिलं नसेल तर तो माल घेऊ नका, कारण गुन्हा विकणाऱ्यावर येतो.

वजनावर विकत असाल, म्हणजे मसाला, चहा, धूप वगैरे, तर काटा मुद्रांकित हवा आणि मुद्रांकन दर वर्षी करून घ्यायला हवं. ऑनलाइन मिळणारा स्वयंपाकघरातला चारशे रुपयांचा काटा घरच्या केकसाठी आहे, विक्रीसाठी नाही.

वस्तूचं पान आणि ‘किंमत इनबॉक्समध्ये’

लेबलवरची माहिती, उत्पादनाचा महिना-वर्ष सोडून, वस्तूच्या पानावरही दिसली पाहिजे. लेबलचा फोटो टाकून भागवणारे आहेत. झूम केल्यावर अक्षरं वाचता आली तर ठीक, पण मजकुरातच लिहिलेलं बरं.

ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २३ जुलै २०२० ला आले. व्यक्तिगत पातळीवर कधीतरी जुनं कपाट विकणाऱ्याला ते लागू नाहीत. नियमित विकणाऱ्याला लागू होतात, मग दुकान वेबसाइटवर असो की इन्स्टाग्रामवर. पूर्ण किंमत, कर आणि इतर आकार एका आकड्यात, शिवाय त्याची फोड गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे. त्यामुळे ‘किंमतीसाठी मेसेज करा’ ही पद्धत, कितीही रूढ असली तरी, नियमांत बसत नाही. दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव पानावर हवं. एकट्याचं दुकान असेल तर तिथे स्वतःचंच नाव टाका. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच, एका महिन्यात निकाल. पोच म्हणजे दोन ओळींचा मेसेज, तक्रार क्रमांकासह.

आता ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’. वस्तू सदोष आली, फोटोत दाखवली तशी नसली किंवा सांगितलेल्या तारखेनंतर पोचली, तर ती परत घ्यायला नकार देता येत नाही. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष मालासाठी ३० दिवस धरले जातात. मन बदललं म्हणून परत घ्यायची की नाही हे मात्र तुम्ही ठरवू शकता, फक्त आधी स्पष्ट लिहा. ‘पाकीट उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर परतावा नाही’ ही ओळ हल्ली प्रत्येक पेजवर असते. व्हिडिओ मागणं गैर नाही, तो चांगला पुरावा आहे. पण त्या एका ओळीने ग्राहकाचा कायद्यातला हक्क संपत नाही. त्यापेक्षा तुम्ही पॅक करतानाचा व्हिडिओ काढा: साडी उलगडून दोन्ही पदर, काठ, लेबल आणि शेवटी पार्सलवरचा क्रमांक, एकाच सलग चित्रणात. वादात तुमची बाजू तो सांभाळतो. रंगाचं भांडण टाळायला एक फोटो दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता टाका.

३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या डिझाइनविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात १३ प्रकार नावानिशी आहेत. ‘फक्त २ शिल्लक’ असं खोटं लिहिणं, पान ताजं केलं की पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होणारं घड्याळ, न विचारता टोपलीत टाकलेला गिफ्ट बॉक्स, शेवटच्या पायरीवर उगवणारा ‘हाताळणी आकार’. वेबसाइटच्या तयार थीममध्ये हे आधीच बसवलेलं असतं, आणि ते तुम्ही बसवलं नाही हा बचाव होत नाही. थीम घेतल्यावर एक ऑर्डर स्वतः देऊन पाहा. इन्फ्लुएन्सरला साडी भेट दिली असेल तर तिने ते पोस्टमध्ये स्पष्ट सांगितलं पाहिजे, हॅशटॅगांच्या गर्दीत लपवून नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. मैत्रिणींकडून पाच-पाच तारे मागून घेणंही बंद करा. स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायला नियमांतच मनाई आहे.

पैठणी म्हणायचं की नाही

पैठणी आणि सोलापुरी चादर ही भौगोलिक मानांकनाची नावं आहेत, म्हणजे ठरावीक भागातल्या ठरावीक मालालाच ती लावता येतात. यंत्रमागावरची, दुसरीकडे विणलेली साडी ‘पैठणी’ म्हणून विकली तर १९९९ च्या कायद्याने सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंडाची तरतूद आहे. ‘सेमी पैठणी’ लिहिलं की सुटलो असं बाजार समजतो. नोंदलेल्या नावाचा उल्लेख करून गिऱ्हाइकाची गफलत होईल असं काहीही कायद्यात धोक्याचंच आहे. ‘मोराच्या काठाची यंत्रमागावरची आर्ट सिल्क साडी’ असं लिहा. शोधात खाली जाईल, पण तुमची झोप उडणार नाही. अस्सल माल विकत असाल तर विणकराच्या अधिकृत वापरकर्ता नोंदणीची प्रत आणि खरेदीचं बिल जपा.

स्वतःच्या दुकानाचं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क साइटवर फुकट शोध घ्या: चादरी वर्ग २४, कपडे वर्ग २५. अर्जाची ऑनलाइन फी व्यक्तीला आणि छोट्या उद्योगाला प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लावता येतं. गोलातला ‘आर’ प्रमाणपत्र येईपर्यंत लावायला कायद्याने मनाई आहे.

आधी परवाना, मग पहिला फोटो

लोणचं, मसाला, फराळ यांना एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक विक्रीआधी हवा, आणि तो लेबलवर आणि बिलावर दोन्हीकडे. घरगुती साबण, उटणं, केसांचं तेल ही सौंदर्यप्रसाधनं आहेत. ती बनवून विकायला अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. ‘नैसर्गिक’ किंवा ‘आजीची पाककृती’ लिहिल्याने सूट मिळत नाही. विणलेल्या बाहुल्या १४ वर्षांखालच्या मुलांसाठी असतील तर त्या खेळणी ठरतात आणि त्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट आहे. पुरवठादार सुरतेहून परस्पर गिऱ्हाइकाकडे माल पाठवत असेल तरी बिलं दोन लागतात, त्याचं तुम्हाला आणि तुमचं गिऱ्हाइकाला. सदोष मालाची जबाबदारी तुमचीच राहते.

गिऱ्हाइकांचे फोन, पत्ते आणि मापं ही व्यक्तिगत माहिती आहे. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर निदान एवढं करा: ऑर्डरसाठी दिलेला नंबर न विचारता जाहिरातीच्या गटात टाकू नका, संमतीची चौकट आधीपासून खूण करून ठेवू नका आणि पार्सल पोचल्याचे जुने तक्ते सगळ्यांना उघडणाऱ्या लिंकवर ठेवू नका.

परदेशातल्या नातेवाइकांकडून ऑर्डर येऊ लागल्या तर निर्यातही आंतरराज्य विक्रीच धरतात, म्हणजे जीएसटी नंबर आलाच. आयात-निर्यात कोड ५०० रुपयांत मिळतो, पण दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो पोर्टलवर अद्ययावत केला नाही तर निष्क्रिय होतो. कर न भरता पाठवायचं तर हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरा. पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रातून छोटी पार्सलं कागदपत्रांसह जातात.

तक्रार आलीच तर

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडून विचारणा आली तर ती खटला नाही. तिथे मुद्देसूद उत्तर आणि पुरावे दिले की बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. गप्प बसलात तर पुढचं पाऊल जिल्हा ग्राहक आयोग, आणि २०१९ च्या कायद्याने ग्राहक स्वतः राहतो तिथे तक्रार करू शकतो. गुवाहाटीच्या गिऱ्हाइकाला दीड हजारांच्या साडीसाठी कोल्हापूरला यावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्याला फीही नाही.

आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाली की पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा. उत्तर ३० दिवसांत द्यायचं, आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही ४५ दिवसांची हद्द पक्की केली आहे, त्यानंतर आलेलं उत्तर आयोग नोंदीवर घेत नाही. म्हणून ऑर्डर, बिल, पॅकिंगचा व्हिडिओ, पोच आणि गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं एका फोल्डरमध्ये, ऑर्डर क्रमांकाच्या नावाने, विक्रीच्या दिवशीच टाकून ठेवा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, निदान तेवढे दिवस फोल्डर पुसू नका.